तोंड मिटलेला मासा

चैत्र शुद्ध तृतीया

नवीन वर्षाची नवी वही. पाडव्यालाच उघडायची होती, पण पाडव्याला यजमानांच्या घरी पूजा आणि दुसऱ्या दिवशी पाठ धरली. दरवर्षी ठरवतो की इथे फक्त कामाचं लिहायचं. कुणाचं श्राद्ध, कुणाच्या अस्थी येणार, कुणाला मणिकर्णिकेवर घेऊन जायचं. दरवर्षी आषाढापर्यंत घरातली कटकट वहीत शिरतेच. यंदा तिने तृतीयेलाच मुहूर्त साधला.

कटकट बाहेरच्या खोलीत आहे. जिथे यजमान बसायचे तिथे आता काचेची टाकी आहे आणि तिच्यात खारं पाणी. दुर्गाघाटाच्या पायऱ्या उतरलं की गंगा, आणि माझी मुलगी पोत्याने मीठ आणून बादलीत समुद्र कालवते आहे. अवनीने विद्यापीठात प्राणिशास्त्र केलं, रामनगरच्या शाळेत शिकवते, आणि उरलेला सगळा वेळ त्या काचेला नाक लावून असते. टाकीत दोन मासे. कुठल्याशा दूरच्या बेटांजवळ, प्रवाळाच्या उथळ पाण्यात राहणारी जात. बंगाई कार्डिनल म्हणतात. दिसायला मात्र देखणे, हे मान्य करतो. रुपेरी अंग, लांब काळे पंख, त्यांवर तांदळाच्या कणीएवढे पांढरे ठिपके. अंगावर तीन काळे पट्टे. आम्ही भस्माचे आडवे ओढतो, यांचे उभे.

दक्षिणेत समुद्रकाठी माशांचं एक संशोधन केंद्र आहे. तिथल्या बाईंनी अवनीला सांगितलंय, या माशांची एक वीण स्वतः वाढवून दाखव, मग ये. ती वाराणसीसारख्या ठिकाणी वाढवलीस तर आणखी चांगलं. मी म्हटलं, ज्येष्ठ संपेपर्यंत पिल्लं झाली तर बघू. नाही झाली तर टाकी देऊन टाकायची आणि रामनगरची नोकरी पक्की करायची. ती लगेच कबूल झाली. अट मीच घातली आणि आता मलाच झोप नाही.

चैत्र शुद्ध षष्ठी

या माशांना कोरडं खाणं चालत नाही. बारीक कोळंबी लागते, जमल्यास जिवंत. आमच्या घरात कांदासुद्धा चातुर्मासात चार महिने बाहेर असतो. शेवटी तोडगा निघाला. कोळंबीची मातीसारखी दिसणारी अंडी मिळतात, ती मिठाच्या पाण्याच्या बाटलीत घातली की एका दिवसात कणाएवढे जीव वळवळायला लागतात. ती बाटली जिन्याखाली, स्वयंपाकघरापासून लांब. आणि मी टाकीला हात लावायचा तो आंघोळीच्या आधी. म्हणजे सोवळंही राहिलं आणि मासेही जगले.

अवनी उद्या लखनऊला जाते आहे. एक परीक्षा आहे, मग मैत्रिणीकडे थोडे दिवस. तोवर मासे माझ्या गळ्यात. तिने सूचना देऊन ठेवल्या आहेत. तांब्याचं भांडं पाण्याला लावायचं नाही, तांबं उतरलं तर समुद्रातल्या गोगलगायी मरतात. मासा घाबरेल असं काही करायचं नाही. वीण कशी होते तेही तिने सांगितलं होतं, पण मी तेव्हा जप करत होतो.

चैत्र शुद्ध एकादशी

दोघांपैकी मोठ्या तोंडाचा जो आहे त्याला मी शास्त्रीबुवा म्हणतो. दिवसभर एका जागी स्थिर, अनुष्ठानाला बसल्यासारखा. आज त्याने खाल्लं नाही. कण तोंडापुढून गेले, ढुंकूनही पाहिलं नाही. मला कौतुक वाटलं. काशीत राहून माशानेही एकादशी धरली म्हणायची. प्रेमला वहिनींना सांगितलं तर त्या पदर तोंडाला लावून हसल्या. वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाच्या पत्नी. दादा गेल्यापासून खालच्या मजल्यावर एकट्या असतात आणि दोन्ही मजल्यांचा स्वयंपाक करतात.

चैत्र शुद्ध त्रयोदशी

द्वादशीला पारणं झालं नाही, आजही नाही. जबडा सुजल्यासारखा दिसतो. मधूनच तोंड किंचित उघडून काहीतरी घोळवल्यासारखं करतो आणि पुन्हा मिटतो. दुसरी मात्र व्यवस्थित खाते आणि त्याच्या भोवती फिरते. काळजीत असेल बिचारी.

अवनीचा फोन आला. सगळं ठीक म्हणालो. परीक्षेच्या तोंडावर पोरीला कशाला घोर लावायचा.

चैत्र वद्य प्रतिपदा

आज मोठी गोष्ट झाली.

सकाळी बघितलं तर शास्त्रीबुवा टाकीच्या कोपऱ्यात, अंग रोडावलेलं, हलेनात. मी आयुष्यभर माणसं जाताना पाहिली आहेत. अन्न सुटलं, तोंड मिटलं, कोपरा धरला की पुढचं मला कुणी सांगायला नको. काशीत आलेला जीव, मासा का असेना, तसाच कसा जाऊ द्यायचा? आंघोळ करून आलो. नियम मोडला, पण प्रसंग तसा होता. जाळीने त्याला अलगद स्टीलच्या वाटीत घेतलं, पळीत गंगाजल घेतलं, तुळशीचं पान ठेवलं आणि त्याच्या तोंडाशी धार धरली. नाम घेतलं.

आणि त्याने एकदम तोंड उघडलं. आतून केशरी मण्यांचा एक घोस बाहेर पडला. सगळे एकमेकांना चिकटलेले, साबुदाण्याएवढे. पाहून अंगावर काटा आला. एवढी गाठ याच्या घशात होती! मी त्याला तुळशीच्या पानासकट परत टाकीत सोडलं आणि तो घोस केळीच्या पानावर घेऊन गंगेत सोडून आलो.

संध्याकाळी शास्त्रीबुवांनी खाल्लं. हपापून खाल्लं. तीर्थाला गुण आला. आज मला स्वतःचा थोडा अभिमान वाटतो आहे, तो इथे लिहायला हरकत नाही.

चैत्र वद्य तृतीया

अवनी आली. पिशवी खाली ठेवायच्या आत मी तिला सगळं सांगितलं. कसा आजारी पडला, कशी गाठ पडली, कसा बरा झाला. ती ऐकत होती आणि तिचा चेहरा उतरत चालला होता. मग ती खुर्चीवर बसली.

“अप्पा, ती त्याची अंडी होती. या जातीत मादी अंडी घालते आणि नर ती तोंडात घेतो. पिल्लं बाहेर पडेपर्यंत तो काही खात नाही. मी सांगितलं होतं ना तुम्हाला.”

मी म्हटलं, बाप? तोंडात? उपाशी?

“हो. बाप.”

रागावली असती तर बरं झालं असतं. तुळशीचं पान पाण्यावर तरंगत होतं, ते तिने काढलं आणि पाणी बदलायला घेतलं. मी बादल्या उचलून दिल्या.

चैत्र वद्य चतुर्थी

संकष्टी. काही लिहावंसं वाटत नाही. एवढी सगळी मी गंगेत सोडून आलो, तेही मंत्र म्हणत.

चैत्र वद्य नवमी

खोटं कशाला लिहू. आज घाटावर बसलो असता मनात आलं, पिल्लं नाहीत तर ती जाणार नाही. आणि थोडं बरं वाटलं. मग इतकी लाज वाटली की समोर आलेल्या ओळखीच्या माणसाला नमस्कार करायचा राहिला.

माझी बायको गीता गेली तेव्हा अवनी एवढीशी होती. बरेच दिवस ती कुणाच्याच हातचं खाईना. मी पिंडदानाची कामं सोडून घरी बसलो, तिला मांडीवर घेऊन भाताचे घास भरवत. तेव्हापासून तिला डोळ्याआड केलं नाही. लखनऊला गेली ते दिवस कसे काढले ते मलाच माहीत. आणि तो केंद्रवाला समुद्र म्हणजे रेल्वेत दोन रात्री.

वैशाख शुद्ध पंचमी

अवनीने सकाळी हाक मारली. धावत गेलो. मादीने पुन्हा अंडी दिली आणि शास्त्रीबुवांनी ती उचलली. गालफड भरलेलं. नीट पाहिलं तर मिटलेल्या ओठांच्या फटीतून केशरी रंग दिसतो. एवढ्या जवळून दिसत होतं, आणि मी गाठ समजलो.

नवखा नर कधी कधी घाबरून अंडी गिळून टाकतो, असं ती म्हणाली. म्हणून आता त्या खोलीत मोठ्याने बोलायचं नाही. मी यजमानांना वहिनींच्या ओसरीवर बसवायला लागलो. नागपूरच्या एका गृहस्थांनी विचारलं, गुरुजी, वर कुणी आजारी आहे का? मी म्हटलं, बाळंतपण आहे. पुढे काही सांगत बसलो नाही.

वैशाख शुद्ध अष्टमी

रोज सकाळी तोच चाळा. उठायचं आणि आधी त्याचे गाल बघायचे. मधूनच तो अंडी तोंडातल्या तोंडात फिरवतो. सगळ्यांना ताजं पाणी मिळावं म्हणून, असं अवनी म्हणते. मादी आता त्याच्याकडे फारशी फिरकत नाही. मी तिच्यावर थोडा नाराज आहे.

वहिनींनी गाकर आणि वांग्याचं भरीत पाठवलं होतं. परत पाठवलं. भूक नाही. ऊन फार आहे यंदा.

वैशाख शुद्ध एकादशी

आज एकादशी, त्यामुळे जेवणाचा प्रश्न नाही. तसा तो हल्ली रोजच नसतो. पित्त असावं. वहिनी डबा न्यायला वर आल्या, न उघडलेला डबा पाहिला, माशाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि हसल्या. काय झालं विचारलं तर म्हणाल्या, काही नाही भावोजी, जोडी चांगली जमलीय. मला कळलं नाही. जोडी तर पहिल्यापासूनच आहे.

वैशाख वद्य द्वितीया

हात दुखताहेत, तरी लिहितोच.

अवनी शाळेत गेली होती. दुपारी गल्लीतला ट्रान्सफॉर्मर उडाला. एरवी लाईट जाते आणि येते, पण आज जळका वास आला आणि सगळे बाहेर येऊन वर बघायला लागले. इन्व्हर्टर थोडा वेळ चालला आणि शांत झाला. टाकीतले बुडबुडे थांबले. अवनी म्हणाली होती की बुडबुडे थांबले तर पाण्यातला प्राणवायू संपतो, आणि ज्याच्या तोंडात अंडी आहेत तो आधी गुदमरतो. मग तो तोंड उघडतो.

तिला फोन लावला. ती रामनगरच्या पुलावर, रिक्षा जाममध्ये अडकलेली. “अप्पा, मग्ग्याने पाणी काढा आणि वरून परत ओता, बस. पण हळू. त्याच्या अंगावर नको.”

हळू पाणी ओतायचं हे मला कुणी शिकवायला नको. चाळीस वर्षं तेच करतो आहे. सवयीने हात तांब्याच्या लोट्याकडे गेला, तो मागे घेतला. स्वयंपाकघरातला स्टीलचा तांब्या घेतला. टाकीच्या दुसऱ्या टोकाला, शास्त्रीबुवांपासून लांब, उंचावरून बारीक धार धरली, अभिषेकाला धरतो तशी. तुटू द्यायची नाही, उडू द्यायची नाही. एक तांब्या संपला की दुसरा. हात आपोआप चालायला लागले तशी तोंडाने रुद्र सुरू झाला. मोठ्याने बोलायचं नाही म्हणून ओठातल्या ओठात.

मध्ये खालून वहिनींनी हाक दिली, अस्थी घेऊन लोक आलेत, घाटावर चलायचं म्हणताहेत. मी आजवर कुणाला थांबवलं नव्हतं. वहिनींना सांगितलं, त्यांना विष्णूकडे पाठवा. विष्णू माझा शिष्य, ब्रह्मघाटाजवळ राहतो, काम चोख करतो. गेलेल्यांसाठी तो आहे. इथे दुसरं कुणी नव्हतं.

अवनी आली तेव्हा मी धार धरून उभा होतो. घामाने धोतर चिकटलेलं, दोन्ही खांदे भरून आलेले. तिने माझ्या हातातला तांब्या घ्यायला हात पुढे केला. मी दिला नाही. मग तिने दुसरा तांब्या आणला आणि आम्ही दोघं लाईट येईपर्यंत धार धरून राहिलो. शास्त्रीबुवांनी तोंड उघडलं नाही. ती मला एवढंच म्हणाली, “अप्पा, असं मला कधीच जमलं नसतं.” मी पाठ वळवून तांब्या पुसत बसलो.

वैशाख वद्य नवमी

पिल्लं तोंडातच अंड्यातून बाहेर आली आहेत. टॉर्च लांबून धरला की फटीतून चमकणारे डोळे दिसतात. एक नाही, ओळीने. बघून मी मागेच सरकलो.

ही पिल्लं सुटी झाली की समुद्रात काटेरी साळूसारख्या एका प्राण्याच्या काट्यांत लपतात. तो आपल्याकडे नाही. अवनीने प्लॅस्टिकच्या ब्रशाचे ताठ केस काढून त्यांचा गोळा बांधायला घेतला. गाठ सुटत होती. मी म्हटलं, आण इकडे. दर्भाची पवित्रकं करून या बोटांचं आयुष्य गेलंय. तीच गाठ मारली. आता ओढून दाखवावं कुणी.

ज्येष्ठ शुद्ध प्रतिपदा

आज सोडली.

सकाळी दिवा लागला आणि शास्त्रीबुवा काट्यांच्या गोळ्याजवळ गेले. तोंड उघडलं, एक पिल्लू बाहेर आलं. मग घाईने आणखी. नखाएवढी, पण प्रत्येकावर तेच तीन पट्टे, तेच ठिपके. कुणी त्यांना काही शिकवलं नाही तरी सरळ काट्यांत शिरली. मी माळ खाली ठेवली होती. अवनी रडत होती आणि फोनवर चित्रं घेत होती, त्यामुळे अर्धी चित्रं हललेली आहेत.

शेवटी एक-दोन आतच राहिली. तो तोंड मिटून बसला. अवनी म्हणाली, काही नर शेवटची सोडतच नाहीत, मग स्वतःही खंगतात. मी म्हटलं, त्याला घाई करू नको, जरा वेळ दे. दुपारी त्याने तीही सोडली. मग तो खायला लागला तो थांबेना. अवनीने लगेच पिल्लं दुसऱ्या टाकीत हलवली, कारण आता तो त्यांना ओळखणार नाही. एवढा उपास करून ओळखही ठेवत नाही. हे मात्र मला पटलेलं नाही.

ज्येष्ठ शुद्ध अष्टमी

पिल्लं जगली. एक-दोन गेली, बाकीची जिन्याखालच्या बाटलीतले जीव खाऊन टुणटुणीत आहेत. अवनीने केंद्रातल्या बाईंना सगळं पाठवलं आणि आज त्यांचा फोन आला. ये म्हणाल्या, लवकर ये.

अवनी माझ्यासमोर येऊन बसली. म्हणाली, अट पूर्ण झाली आहे, पण तुम्ही तोंडाने जा म्हटल्याशिवाय मी तिकीट काढणार नाही. मी म्हटलं, पंचांग बघून सांगतो.

ज्येष्ठ शुद्ध नवमी

पंचांग घेऊन बसलो आहे. उद्या गंगा दशहरा, घाटावर पाय ठेवायला जागा नसेल, गाडीला गर्दी. परवा एकादशी, प्रवासात उपास कसा करणार. द्वादशीला दिशा चांगली नाही. त्रयोदशीचा वार मला आवडत नाही. पौर्णिमेनंतर पाऊस येईल. पुढच्या महिन्यात चातुर्मास लागतो. एकही धड दिवस सापडत नाही.

वहिनी डबा घेऊन आल्या आणि दारातच उभ्या राहिल्या. म्हणाल्या, “भावोजी, गावातल्या सगळ्या पोरांना तुम्ही उभ्या उभ्या मुहूर्त काढून देता. आपल्याच पोरीच्या वेळी पंचांग आंधळं झालं का?”

त्या गेल्यावर टाकीपुढे बसून राहिलो. शास्त्रीबुवा निवांत तरंगत होते. एवढंसं तोंड, आणि त्यात एवढी जणं त्याने कशी सांभाळली असतील. आणि वेळ आल्यावर उघडलं.

अवनी कपडे वाळत घालत होती. गच्चीवर गेलो आणि म्हणालो, “त्रयोदशीला जा. दिवस चांगला आहे.” आवाज नीट आला नाही म्हणून पुन्हा म्हणालो. तिने ओला टॉवेल तसाच दोरीवर टाकला आणि माझ्या छातीवर डोकं ठेवलं. मोठी झाल्यापासून असं कधी केलं नव्हतं तिने. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिलो. पाणी आलं डोळ्यांत, आलं ते आलं.

ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी

स्टेशनवर गाडी सुटेपर्यंत सूचना देत होती. पिल्लांना किती वेळा खाणं, मिठाचं पाणी कसं कालवायचं. मी म्हटलं, आता मला सांगू नको. तिने विचारलं, घाबरणार नाही ना? माशांबद्दल विचारत होती की माझ्याबद्दल, ते मी विचारलं नाही.

घरी येऊन न जेवता झोपलो.

ज्येष्ठ वद्य द्वितीया

संध्याकाळी अवनीचा फोन. मागून नुसता गरगराट येत होता. मला वाटलं पंखा आहे. समुद्र होता. गुडघाभर पाण्यात उभी राहून बोलत होती. आवाज लहानपणीसारखा झाला होता, एक वाक्य संपायच्या आत दुसरं. बाई चांगल्या आहेत, खोली छोटी आहे, जेवण तिखट आहे, सकाळी पाण्याखाली घेऊन जाणार आहेत. मग एकदम थांबली आणि विचारलं, “अप्पा, तुम्ही जेवलात का?”

मी म्हटलं, वाढून घेतोच आहे.

फोन ठेवून पिल्लांना खाणं घालायला गेलो. आंघोळ झालेली होती, पण आता मी तेवढं बघत नाही. पिल्लांना घालून शास्त्रीबुवांपुढे कण सोडले. त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. गाल भरलेले. फटीतून केशरी दिसतं आहे. गंगाजलाची पळी तिथेच देवघरात आहे, तिकडे मी गेलो नाही.

खाली जाऊन वहिनींकडून ताट भरून आणलं. वरण, भात, तूप, लोणचं, आणि पुन्हा भात. टाकीसमोर पाट मांडला आणि सगळं संपवलं. त्याचा उपास आज सुरू झाला. माझा सुटला.